चार डिस्कवरची कुंकवाची रेघ

आमच्या कामात डोळ्यांआधी कान लागतो. सर्व्हर सुरू केला की पंखे एकदम गर्जतात, मग दमल्यासारखे खाली येतात. त्यानंतर डिस्कची बारीक कुरकुर सुरू होते, वाळल्या पानांवरून मुंगूस गेल्यासारखी. ती लयीत चालू राहिली की मी निश्चिंत होते. ती मध्येच तुटली आणि पंख्यांनी पुन्हा वरचा सूर धरला, तर पडद्यावर काय लिहून आले असेल हे मला न पाहताही कळते. यंत्र जागे व्हायला निघाले होते, पण आपण कोण हेच त्याला आठवले नाही.

माझे शिक्षण कवितेचे. वृत्ते, यती, लघु-गुरू यांत कॉलेजची वर्षे गेली. पुढे महाडमध्ये संगणकदुरुस्तीचे छोटे दुकान थाटले तेव्हा घरच्यांना वाटले, हिचे शिकणे वाया गेले. मला तसे कधी वाटले नाही. एका वृत्तातली ओळ उचलून दुसऱ्या वृत्तात ठेवली तर शब्द तेच राहतात, अर्थही तोच राहतो, तरी ओळ अडखळते. एका सर्व्हरमधली डिस्क काढून दुसऱ्या सर्व्हरमध्ये लावली की असेच घडते. आयुष्यातली बरीच वर्षे मी ही अडखळ काढण्यात घालवली आहेत.

सर्व्हर म्हणजे कारखान्यात, रुग्णालयात, पतसंस्थेत कोपऱ्यात ठेवलेला, दिवसरात्र जागा असणारा संगणक. बाकीचे संगणक त्याला विचारून काम करतात. त्याच्या आत ज्या डिस्क असतात त्यांवर सगळी माहिती असते आणि ती माहिती चालवणारी व्यवस्थाही असते. सर्व्हर जळला, भिजला, तरी डिस्क बहुधा शाबूत राहते. त्यामुळे लोकांना वाटते, डिस्क काढली, दुसऱ्या खोक्यात सरकवली, की झाले.

बिरवाडीजवळच्या एका कारखान्यातले स्टोअरकीपर दत्तूभाऊ यांनी स्वतःच्या हाताने हा प्रयोग केला होता. मी पोहोचले तेव्हा ते खोक्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"मॅडम, मुंडकं तेच हाय, धड निस्तं बदललं. तरी वळख देत नाय हा!"

"धडालाच मुंडक्याची ओळख नाही, दत्तूभाऊ."

"मग गाठ घालून द्या की दोगांची. त्यासाठीच तर बोलावलं."

धंद्याची याहून नेमकी व्याख्या मला कुणी दिलेली नाही. गाठ घालून देणे, हेच माझे काम. जुन्या यंत्राने सुरुवात कुठून करायची याची खूण स्वतःच्या स्मरणात ठेवलेली असते. डिस्क निघून आली, तरी ती खूण मागेच राहते. शिवाय डिस्क जागी होताना आधी एक लहानशी शिदोरी सोडते. त्या शिदोरीत ज्या घरात ती राहत होती त्या घरापुरतेच सामान बांधलेले असते. नव्या घराची दारे वेगळी, कुलुपे वेगळी. शिदोरीत त्यांच्या किल्ल्या नसतात, आणि डिस्क उंबरठ्यावरच थांबते.

हे सारे मी इतक्या शांतपणे लिहू शकते, कारण आज समोर कुणी थांबलेले नाही. एका सकाळी थांबलेले होते.

महाडमध्ये पुराचा भोंगा वाजला की कोणी कोणाला विचारत बसत नाही. खालचे सारे वर चढू लागते. तांदळाचे पिंप, गादी, शेगडी, दुकानातले कापडाचे गठ्ठे, मुलांची दप्तरे. प्रत्येक घराचा क्रम ठरलेला असतो, आणि तो क्रम पाहिला की त्या घराचे मन कळते. माझे दुकान पहिल्या मजल्यावर आहे ते याच कारणाने. गावातली छोटी रक्तपेढी मात्र तळमजल्यावर होती. वरच्या मजल्यावर तिला लागूनच खाटा असलेला दवाखाना.

त्या रक्तपेढीत मंगल तंत्रज्ञ होती. चाळिशीची, एकटी राहणारी, हसताना तोंडावर हात धरणारी. दर खंडेनवमीला ती सर्व्हरची पूजा करायची. समोरच्या बाजूला चार डिस्क शेजारी शेजारी बसवलेल्या असत. तेलात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवून ती चारही डिस्कवरून एकच आडवी रेघ ओढायची. मी रागवायचे.

"मंगल, अगं पंखा हे सगळं आत ओढतो."

"ओढू दे की ताई. वर्षभर डोळा मिटत नाही बिचारा. एक दिवस कपाळाला लावलं तर एवढं काय?"

मी ओल्या फडक्याने रेघ पुसायला जायचे आणि ती माझ्या हातून फडके काढून घ्यायची.

त्या पावसाळ्यात भोंगा वाजला तेव्हा पाणी नेहमीच्या वेगाने आले नाही, धावत आले. चार जणांनी मिळून रक्ताचा फ्रिज वर चढवला आणि तो जनरेटरला जोडला. सर्व्हर लोखंडी चौकटीला पक्का बसवलेला होता. तो सोडवायला वेळ नव्हता. मंगल गुडघाभर पाण्यात उभी राहिली, एकेक डिस्क खेचून काढली, पदरात बांधली आणि जिना चढली. तिच्यामागे खोके बुडाले.

पाणी उतरल्यावर मला रक्तपेढीतून निरोप आला. रस्त्यावर सगळीकडे फावड्यांची खरवड चालली होती. भिजलेल्या भाताचा आंबट वास, डिझेलचा वास, आणि या सगळ्याच्या खाली गाळाचा तो जड, थंड वास, जो नंतर कितीतरी दिवस केसांतून जात नाही. पोलादपूरच्या बाजूला दरडी आल्या होत्या, घाट बंद होता, महामार्गावर चिखल होता. फोन लागत नव्हते. दत्तूभाऊंच्या कारखान्यात एक वापरात नसलेला सर्व्हर पडून होता. मी माणूस पाठवून मागितला, तर ते स्वतःच तो ट्रॅक्टरवर घालून घेऊन आले. ट्रॅक्टर दाराशीच उभा करून ते गाळ काढणाऱ्यांत सामील झाले.

जिन्यात एक म्हातारी बसली होती. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेले तान्हे मूल. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून तिच्या सुनेला, वनिताला, डोलीत घालून खाली आणले होते. बाळंतपण घरीच झाले होते आणि रक्तस्राव आटोक्यात येत नव्हता.

म्हातारीने माझ्या हातातली पिशवी पाहिली. "तू मशीनवाली काय गो?"

"हो आजी."

"मागल्या खेपंला हिला रगत चढवलं, तर पोर लटलट कापाया लागली. लघवी काळी झाली. तवा हितल्या बाईनं कार्ड दिलं व्हतं. बोलली, हिला कुनाचंबी रगत चालायचं नाय, ह्ये कार्ड दावत जा. कार्ड घरात व्हतं." ती थांबली. मुलाच्या कपाळावरचा घाम तिने अंगठ्याने पुसला. "घर नाय ऱ्हायलं."

वर दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतले. त्या मोजके बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली होता.

"फ्रिजमध्ये तिच्या गटाच्या दोन पिशव्या आहेत. आजची तपासणी म्हणते, चालतील. पण माझा त्या तपासणीवर विश्वास नाही."

"का?"

"पूर्वी कधीतरी तिच्या शरीराने रक्तातल्या एका घटकाशी वैर धरलंय. काही वर्षांनी ते वैर इतकं मंदावतं की तपासणीत दिसत नाही. शरीर विसरल्यासारखं होतं. पण तेच रक्त पुन्हा आत गेलं की त्याला आठवतं, आणि मग आपल्या हातात काही उरत नाही. तो घटक कोणता हे मागच्या वेळी मुंबईहून तपासून आणलं होतं. ते तुमच्या सर्व्हरमध्ये आहे."

"मुंबईला पुन्हा विचारता…"

"फोन नाहीत. रस्ता नाही. दुपारपर्यंत मी थांबू शकते. नंतर त्या दोनांतली एक पिशवी लावावीच लागेल. न लावता ती जाईल. लावल्यावर कदाचित जाईल."

डिस्क दुसऱ्या संगणकाला नुसती जोडून वाचता आली असती, असे कुणी म्हणेल. अक्षरे दिसली असती. पण रक्तपेढीची माहिती कुलूपबंद होती आणि ते कुलूप उघडणारी व्यवस्था त्याच डिस्कवर झोपलेली होती. तिला उठवल्याशिवाय मार्ग नव्हता.

मंगलने पदराची गाठ सोडली. चार डिस्क टेबलावर ठेवल्या. एकीसारखी दुसरी.

"कुठली कुठे होती, मंगल?"

तिचा चेहरा उतरला. "ताई, पाणी येत होतं. मी नंबर नाही टाकले."

त्या जुन्या यंत्रात डिस्कची ओळख तिच्या जागेवरून ठरत असे. जागा चुकवून लावल्या, तर नवे यंत्र त्यांना विस्कटलेल्या, निरुपयोगी डिस्क समजण्याची भीती होती. चारांचे क्रम पुष्कळ होतात, आणि एकेक आजमावून बघण्याजोगी ही गोष्ट नव्हे. मी एक डिस्क उचलून खिडकीपाशी नेली. तिच्या कडेवर चिखल वाळला होता. चिखलाखाली काहीतरी लालसर होते.

कुंकू. खंडेनवमीचे, तेलामुळे टिकून राहिलेले.

मी चारही डिस्क उजेडात शेजारी शेजारी धरल्या. मंगलचे बोट डावीकडून निघाले होते; तिथे रेघ जाड आणि ओली होती. पुढे ती विरत गेली होती, आणि हात उजवीकडे जाताना किंचित वर चढला होता. एकीवर रेघ खाली आणि गडद. दुसरीवर थोडी वर. तिसरीवर आणखी वर, फिकी; एकीची रेघ जिथे संपे, त्याच उंचीवर पुढचीची सुरू होई. चौथी पदराच्या ओलीने पुसून गेली होती. तिला एकच जागा उरली होती.

मंगल माझ्या खांद्यावरून बघत होती.

मी डिस्क बसवल्या. पंखे गर्जले, खाली आले. पडद्यावर नव्या यंत्राने विचारले: परक्या घरातल्या डिस्क आढळल्या आहेत, त्या आहेत तशा स्वीकारायच्या, की पुसून नव्याने मांडायच्या? दोन पर्याय, दोन शेजारच्या ओळी. बोट एक ओळ खाली सरकले तर वनिताच्या शरीराने विसरलेली गोष्ट जगातही कुणाला आठवली नसती. मी ती ओळ तीनदा वाचली, कवितेत छंद मोजावा तशी, शब्दाशब्दावर बोट ठेवून. मग स्वीकारल्या.

यंत्राने सांगितले, सुरू करण्याजोगे काही सापडत नाही. हे अपेक्षितच होते. नवे खोके नव्या रीतीने जागे होणारे, डिस्क जुन्या वळणाची. मी यंत्राला जुनी रीत लावून दिली, सुरुवात कुठून करायची ते दाखवले. कुरकुर सुरू झाली. लयीत चालली. मंगलने डोळे मिटले.

कुरकुर तुटली.

मुख्य डिस्क सापडत नाही, असे पडद्यावर आले. जी डिस्क बोलत होती, तिलाच ती स्वतः सापडत नव्हती. म्हणजे शिदोरी अपुरी. मी पेनड्राइव्हवरून दुसरी, छोटी व्यवस्था जागी केली, तिच्या आधाराने झोपलेल्या डिस्कच्या आत शिरले आणि नव्या घराच्या किल्ल्या घालून शिदोरी पुन्हा बांधायला घेतली. हे काम यंत्र करते. माणसाने फक्त वाट पाहायची असते. या कामातली वाट पाहणे मला नेहमी सर्वांत अवघड गेले आहे. बाहेर फावडी खरवडत होती. जनरेटरच्या धडधडीत मूल रडले आणि गप्प झाले.

म्हातारी दारात येऊन उभी राहिली. "आजून किती गो?"

मंगल उठली, तिने म्हातारीच्या हातातून मूल घेतले. "आजी, तुम्ही बसा. ताई तिला हाक मारतायत. ओ देईल ती."

"कुनाला हाक?"

"मशीनला हो."

"मशीनला कान असत्यात व्हय?" म्हातारी खाली बसली. "असतील तर माजीबी येक हाक सांग. सांग, पोर पान्यावाचून न्हवं, रगतावाचून तानलीय."

शिदोरी बांधून झाली. मी पेनड्राइव्ह काढून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. गर्जना, उतार, कुरकुर. मी पडद्याकडे पाहिले नाही. खिडकीबाहेर एका तारेवर वाळत घातलेल्या ओल्या पुस्तकांची पाने उघडमीट करत होती, तिकडे पाहत राहिले. कुरकुर चालू राहिली. चालूच राहिली. नंतर मंगलचा हात माझ्या दंडावर पडला.

यंत्र जागे झाले होते, पण मुके. तपासणीच्या टेबलावरचा संगणक त्याला हाक मारी, हे उत्तर देत नव्हते. जुन्या घरातल्या नेटवर्क-कार्डाचे नाव लक्षात ठेवून ते त्याच दाराशी कान लावून बसले होते, आणि ते दार चिखलात पडले होते. एका ओळीत जुने नाव होते. मी तिथे नवे लिहिले. माझ्या कामातली ही सर्वांत छोटी दुरुस्ती. त्या दिवशी ती मी दोनदा वाचून पाहिली.

मंगलने वनिताचे नाव लिहिले. नोंद उघडली. डॉक्टर उभ्यानेच वाचू लागल्या. मग फ्रिजपाशी गेल्या, तो घटक ओळखणाऱ्या द्रावणाने दोन्ही पिशव्यांतले रक्त तपासले आणि नळ्या उजेडात धरून पाहिल्या.

"दोन्हींत तो घटक आहे," त्या म्हणाल्या. "आणि यांतली एक मी सकाळीच काढून ठेवली होती."

त्या नोंदीत शेवटी आणखी एक ओळ होती. मागच्या खेपेला, त्या त्रासानंतर, वनिताला ज्याचे रक्त मानवले त्या दात्याचे नाव. गणपत, राहणार मौजे सव.

दत्तूभाऊंना खाली हाक मारली. त्यांनी हातातले फावडे भिंतीला टेकवले आणि काहीही न विचारता ट्रॅक्टर सुरू केला. ते परतले तेव्हा मागच्या ट्रॉलीत एक सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेला माणूस उभा होता, कमरेपर्यंत गाळाने माखलेला. स्वतःच्या घरातला चिखल उपसताना त्याला उचलून आणले होते. जिना चढून तो दाराशीच थांबला. आत पाय ठेवायला संकोचत होता.

"डॉक्टरीणबाई, मागं दिलं व्हतं त्येच पायजे ना?"

"तेच."

"मग त्येच हाय. बदललं नाय."

त्या दिवशी त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसले. हसणारी म्हातारी होती, आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. मंगलने परातीत पाणी आणले आणि गणपतचे पाय धुतले. तो नको नको म्हणत होता. तपासण्या उरकून त्याचे रक्त पिशवीत उतरू लागले, तेव्हा ते पाहणे मला शक्य झाले नाही. मी सर्व्हरपाशी जाऊन बसले आणि पंख्यांचा आवाज ऐकत राहिले. एका देहातून दुसऱ्या देहात जाणाऱ्या गोष्टीला नव्या घराने आपले म्हणावे, एवढीच इच्छा माझ्या मनात होती. ती कुणासाठी, हे मी स्वतःला विचारले नाही.

वनिताच्या देहाने ते रक्त घेतले. दिवस कलताना तिच्या ओठांवर किंचित रंग आला आणि तिने पहिला प्रश्न मुलाचा विचारला.

उतरताना जिन्यात मी मंगलला म्हटले, "तुझ्या घरचं काय काय वर गेलं गं?" तिचे घर नदीच्या अंगाला, खालच्या आळीत.

"घरी जायला जमलंच नाही, ताई." तिने हे इतक्या सहज म्हटले की मला आधी अर्थ लागला नाही. "भोंगा झाला तेव्हा मी इथेच होते. मग डिस्क काढायच्या होत्या."

तिच्या आईचा एकुलता एक फोटो भिंतीवर होता. मी तो पाहिला होता. कपाळभर कुंकू लावलेली, कॅमेऱ्याकडे थोड्या संशयाने बघणारी बाई. लोकांच्या पुसलेल्या डिस्कवरून मी लग्नांचे, बारशांचे, गेलेल्या माणसांचे फोटो परत काढून दिले आहेत. हा फोटो कुठल्याच डिस्कवर नव्हता. मी गाळातून त्याची चौकट शोधून आणली; आत पांढरा, सुरकुतलेला कागद होता. मंगलने तो उन्हात वाळवला आणि चौकटीत परत घातला. अजून तिच्या भिंतीवर तो आहे. त्या चौकटीसमोर उभी राहिले की माझ्या सगळ्या विद्येची हद्द मला दिसते.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीला मी मुद्दाम रक्तपेढीत गेले. आता ती वरच्या मजल्यावर हलली होती. वनिताची सासू वाडीतून आली होती. दरडीतून वाचलेल्या खाचराच्या तुकड्यात जे भात तगले, त्याच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंडाळून तिने आणल्या होत्या. आमच्याकडे याला नवं म्हणतात; घराच्या दाराला, विहिरीला, नांगराला ते बांधतात. तिने दाराला एक बांधले, मग सर्व्हरच्या चौकटीशी घुटमळली.

"हितं बांधू का गो? ह्यो तर झोपतबी नाय म्हनं."

"बांधा, आजी."

मंगलने तेलात कुंकू कालवले. तिने माझ्याकडे चोरून पाहिले. मी फडके घेऊन उभी राहीन असे तिला वाटत असावे. चारही डिस्कवर मी नीट आकडे चिकटवले होते, त्यामुळे आता रेघेची गरज नव्हती. तिने बोट बुडवले आणि पहिल्या डिस्कवर टेकवले.

"जाड ओढ, मंगल," मी म्हटले. "शेवटच्या डिस्कपर्यंत पोचू दे."

तिने बोट पुन्हा कुंकवात बुडवले.